बराखीतला कॉम्प्रेसर

चाकणच्या कारखान्यात मी बावीस वर्षं रंगखात्यात काढली, पण हवा कुठून येते हे तिथं मला कधी बघावं लागलं नाही. भिंतीतून एक निळा पाइप आलेला असायचा. त्याला नळी जोडायची, गन हातात घ्यायची आणि रंग मारायला लागायचं. नोकरी सोडून बोरी बुद्रुकला घरी आलो आणि घरच्या घरी छोटं वर्कशॉप काढावं असं मनात घेतलं, तेव्हा पहिली अडचण तीच आली. गन होती, हात बसलेला होता, लोकांची गंजलेली कपाटं, पलंग, शेतीची अवजारं रंगवायला होती. हवाच तेवढी नव्हती.

मी मुळात घोर लावून घेणारा माणूस आहे. गॅसचं बटण बंद आहे का ते तीनदा बघतो. गाडीला कुलूप लावून दहा पावलं गेलो की परत येऊन हँडल ओढून बघतो. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा काहीतरी तपासत असता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते वाचून कोणालाही वाटेल की हा माणूस बेफिकीर असणार. बेफिकीर असतो तर निदान इतकी वर्षं झोप तरी नीट लागली असती.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबांनी ऐंशी ओलांडली आहे. कानानं कमी ऐकू येतं, हात थोडे थरथरतात, पण सकाळी वावराला एक चक्कर मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. आमची वस्ती गावापासून बाजूला, रानातच आहे. शेजारचं घर दोन वावरं सोडून.

कॉम्प्रेसर घ्यायला आधी मी आणि बायको मंचरला गेलो. दुकानदारानं पहिलाच प्रश्न केला, किती लिटरचा देऊ. मी वही काढली. टाकी किती लिटरची याला फारसा अर्थ नसतो, मिनिटाला तो हवा किती देतो ते महत्त्वाचं, हे मी चार दिवस मोबाइलवर बघून लिहून ठेवलं होतं. टायरमध्ये हवा भरायची तर छोटा चालतो. पण रंगाची गन सारखी हवा ओढते. छोट्या मशीनला तेवढी भरून देता येत नाही, टाकी दोन मिनिटांत रिकामी होते, दाब उतरतो आणि पत्र्यावर रंग गुळगुळीत न बसता दाणेदार बसतो. दुकानदारानं एक छोटा, मोटरीलाच जोडलेला कॉम्प्रेसर चालू करून दाखवला. त्याचा आवाज इतका कर्कश होता की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. मी म्हटलं, पट्ट्यावर चालणारा मोठा दाखवा. मोठा होता, पण त्याची किंमत ऐकून बायकोनं माझी बाही ओढली आणि आम्ही बाहेर आलो.

मग आळेफाट्याला एका गॅरेजवाल्याकडं जुना मिळाला. टायरचं काम बंद करून तो दुसऱ्या धंद्यात पडत होता. तीन एचपीची मोटर, पट्ट्यावरचं मशीन, दोनशे लिटरची टाकी. मी तिथं दीड तास घालवला. टाकीवर छोट्या हातोडीनं सगळीकडं ठोकून आवाज ऐकला. खालचा कॉक उघडला तर चहासारखं तांबडं पाणी आलं. हवेतलं पाणी टाकीत साठतं आणि टाकी आतून गंजत जाते. वरून रंग मारलेला असला की काही कळत नाही. मी त्याला विचारलं, हिची कधी पाण्यानं दाब देऊन तपासणी केली होती का. तो हसला आणि म्हणाला, "पावणं, ही टाकी तुमच्या आधी नाय मरायची." गॅरेजातले सगळे हसले. मीही हसलो, पण पिकअपमध्ये टाकीशेजारी बसून घरी येताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

ठेवायची जागा ठरलेलीच होती. कांदा साठवायची आमची जुनी बराखी गेली दोन वर्षं रिकामी होती, कारण नवी पत्र्याची बांधली होती. जुनीला दोन्ही बाजूंनी लाकडी फटींच्या भिंती, वर कौलं, त्यामुळे वारा खेळता राहतो आणि रंगाचा वास कोंडत नाही. एका टोकाला सिमेंटचा कोबा करून घेतला. मशीनच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले, म्हणजे हादरे बसणार नाहीत. हवेचा पाइप भिंतीवरून नेताना त्याला मुद्दाम उतार दिला, पाणी मागं यावं म्हणून. मध्ये पाणी अडवायचं भांडं बसवलं. हे सगळं मी लेव्हल लावून केलं. आबा क्रेटवर बसून बघत होते. एवढ्या कामात आपण दोन बराख्या बांधल्या असत्या, असं त्यांनी एकदा म्हणून घेतलं.

मोटर तीन फेजची, म्हणून ती शेतीच्या लाइनवर जोडावी लागली. आमच्या वस्तीवर तीन फेजची लाईट दिवसातून आठ तास येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कधी मध्येच जाते, कधी उशिरा येते. त्यामुळे आमच्या भागात विहिरीवरच्या मोटरीला प्रत्येकानं ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की तो एक-दोन मिनिटं थांबतो आणि लाल बटणानं बंद केलेली नसेल तर मोटर स्वतःच चालू करतो. माणूस झोपलेला असो, बाजाराला गेलेला असो, पिकाला पाणी सुरू होतं. कॉम्प्रेसरला स्टार्टर हवा होता आणि विहिरीवरचा जुना स्टार्टर पेटीसकट पडून होता. तो काढून आणला आणि दाराजवळच्या भिंतीला ठोकला. त्यात ऑटो होता. तो काढावा असं मलाही सुचलं नाही, वायरमनलाही सुचलं नाही. ऑटो नसलेला स्टार्टर आम्ही कोणी बघितलेलाच नव्हता. आणि लाईट गेल्यावर लाल बटण दाबायची सवयही आमच्यात कोणाला नाही. लाईटच गेली, आता बंद काय करायचं?

पहिला महिना छान गेला. दोन पलंग, एक कपाट, ट्रॅक्टरची बॉनेट. रंग आरशासारखा बसला होता आणि मी खुशीत होतो. पण खुशीतसुद्धा मनाला एक टोचणी होती, ती आबांची.

एकदा मशीन चालू असताना पट्टा चिरचिरायला लागला. मी नवा पट्टा घातला होता आणि तो पहिल्या दिवसांत सैल होतोच. मी पलीकडं गन धूत होतो. वळून बघितलं तर आबा मशीनजवळ वाकलेले, हातात मेणाचा तुकडा, आणि तो तुकडा त्यांनी पळत्या पट्ट्याला लावलेला. विहिरीवर ऑइल इंजिन होतं त्या काळात सगळे तसंच करायचे. पट्टा घसरला की चालत्या इंजिनावर मेण लावायचं. आबांनी तीस वर्षं ते केलं होतं. पण तेव्हा हात थरथरत नव्हते. त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक पुलीपासून वीतभर लांब लोंबत होतं.

मी त्यांना मागं खेचलं आणि ओरडलो. भीतीपोटी ओरडलो, पण आवाज रागाचा निघाला. "आबा, इथं कशालाच हात लावायचा नाही. काहीही झालं तरी. कळलं का?" खुरपायला आलेल्या चार बाया पाणी प्यायला बराखीपाशी आल्या होत्या. त्या माठापाशी तशाच उभ्या राहिल्या. आबांनी हाताचं मेण धोतराला पुसलं, "बरं" म्हणाले आणि घराकडं गेले.

संध्याकाळी बायको म्हणाली, बायांसमोर बोलायला नको होतं. मी म्हटलं, हात गेला असता म्हणजे?  त्यानंतर आबा बराखीत यायचे ते दाराशी क्रेटवर बसायला. दुपारी तिथं गार असतं. एखादा पाना खाली पडला तरी उचलत नसत. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एक घोर मिटला असं मी मनात म्हटलं.

मग मशीनच्या तक्रारी सुरू झाल्या. टाकीत ठरलेला दाब झाला की मोटर आपोआप बंद करणारा एक स्विच असतो. त्याचे पॉइंट जळाले आणि तो चिकटायला लागला. नवा आळेफाट्याला सांगून ठेवला होता, आठवडा लागणार होता. तोवर मी त्याच्या वायरी सरळ जोडून टाकल्या. मशीन चालू असलं की मी समोर उभा राहायचो आणि दाबाच्या घड्याळाचा काटा आठावर आला की लाल बटण दाबायचो. त्यावर आणखी एक झडप असते, शेवटचा उपाय म्हणून. सगळं चुकलं आणि दाब फारच वाढला तर ती उघडते आणि हवा सोडून देते. माझ्या मशीनची ती झडप पूर्वीच्या मालकानं स्क्रू पिळून घट्ट करून टाकलेली होती, कारण ती सारखी शिट्टी मारायची. मी नवी आणली होती, पण तिचे आटे बसेनात. ती डबीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. मधला जोड मिळाला की बसवणार होतो.

हे सगळं मला माहीत होतं. रोज माहीत होतं. पण मी समोर उभा असतो ना, या एका गोष्टीवर मी निभावून नेत होतो.

त्या दिवशी बायकोच्या मामांचा दहावा होता, मंचरच्या पुढं घोड नदीच्या काठच्या एका गावी. लाईट दिवसाची होती, सकाळी आठला आली. निघायला अर्धा तास होता म्हणून मी कॉम्प्रेसर चालू केला. एका घासलेल्या पलंगावरची धूळ हवेनं उडवून ठेवायची होती, म्हणजे आल्यावर लगेच रंग मारता आला असता. काटा चारावर आला आणि लाईट गेली. मशीन थांबलं. बायकोनं अंगणातून हाक मारली, उशीर होतोय, कपडे बदला. मी कपडे बदलले. गॅसचं बटण तीनदा बघितलं. घराचं मागचं दार ओढून बघितलं. आबांना जेवण कुठं झाकून ठेवलंय ते सांगितलं. आबा बायांवर लक्ष ठेवायला थांबणार होते. आम्ही मोटरसायकलवर निघालो.

घाटावर गर्दी होती. पिंडाला कावळा लवकर शिवला, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं. मग प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्याकडं दहाव्याला माणूस कोणीही असो, भाषणं होतातच, आणि बोलणारा लवकर थांबत नाही. मी मागं मांडी घालून बसलो होतो. खिशात मोबाइल थरथरला. आमच्या गावचा लाईटचा एक ग्रुप आहे. लाईट गेली, आली, फॉल्ट कुठं आहे, हे सगळं त्यावर येतं. कोणीतरी लिहिलं होतं, थ्री फेज आली.

मी मोबाइल परत खिशात ठेवला. चला, कांद्याला पाणी लागेल, एवढंच मनात आलं. आणि मग कानशिलं गरम झाली. मी लाल बटण दाबलं नव्हतं. ऑटो चालू होता. दाब झाल्यावर बंद करणारा स्विच मी स्वतःच्या हातानं काढला होता. हवा सोडणारी झडप पिळून बंद केलेली होती. आणि दुपारी आबा बसतात तो क्रेट मशीनपासून सहा फुटांवर होता.

मी कसा उठलो ते मला आठवत नाही. कोणाच्या तरी गुडघ्यावर पाय दिला. बायका बसल्या होत्या तिकडं जाऊन मी बायकोला खुणेनं उठवलं आणि सांगितलं, मी पुढं जातो, तू कोणाच्यातरी गाडीनं ये. तिनं काय झालं विचारलं. मी फक्त "कॉम्प्रेसर" म्हणालो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातानं जा म्हणून खुणावलं.

आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तो साधा बटणांचा फोन घरात खुंटीला अडकवलेला असतो आणि जवळ असला तरी त्यांना ऐकू येत नाही. शेजाऱ्याला लावला. तो म्हणाला, "भाऊ, म्या आळेफाट्याला लिलावात हाय. बोला की." मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबलो. काय सांगणार होतो? घरच्या कोणालातरी पाठव आणि मशीन बंद करायला सांग? टाकी फुटायच्या बेतात असताना दुसऱ्याच्या बायकोला किंवा आईला तिच्याजवळ पाठवू? मी त्याला एवढंच म्हटलं, घरच्यांना सांग, आमच्या बराखीजवळ जाऊ नका, पण लांबून आबांना हाका मारा, त्यांना बाहेर काढा. तो म्हणाला लावून बघतो. दोन मिनिटांनी त्याचाच फोन आला, घरचे सगळे रानात आहेत, कोणी उचलत नाही.

मग मला डीपी सुचला. ट्रान्स्फॉर्मरवरून लाइन पाडली तर सगळंच बंद पडेल आणि कोणाला मशीनजवळ जावं लागणार नाही. मी ग्रुपवर लिहिलं, आमच्याकडचा डीपी कोणीतरी ताबडतोब पाडा. उत्तरं लगेच आली. कशाला, आत्ता तर आली. पाणी चालू हाय भाऊ. एकानं नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी पुन्हा लिहिलं, जिवाचा प्रश्न आहे. त्यावर कोणीतरी विचारलं, कुणाच्या? तेवढ्यात मी गाडीला किक मारली होती.

माझा हिशेब पाठ होता. टाकी चारावरून आठावर जायला सहा मिनिटं लागतात. दहावर तांबडी खूण आहे. तिथं जायला आणखी तीन. त्यापुढं काटा मी कधी जाऊ दिला नव्हता. घर पन्नास मिनिटांवर. म्हणजे जे व्हायचं ते मी मंचरला पोचायच्या आधीच होऊन गेलेलं असणार होतं. हे कळत होतं, तरी मी जीव तोडून गाडी मारत होतो.

मंचरला कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. दोन ट्रॉल्यांच्या मधून गाडी घातली, एकानं आईवरून शिवी दिली, ती बरोबरच होती. मोबाइल मी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला होता आणि तो थरथरतोय का याकडं सगळं लक्ष होतं. तो थरथरत नव्हता. काही झालं नसेल म्हणून फोन नाही, की फोन करायला कोणी राहिलं नाही म्हणून नाही? बाया पाणी प्यायला तिथंच येतात. चार जणी. एकीचं मूल आजारी होतं म्हणून ती तीन दिवस आली नव्हती, त्याच दिवशी परत कामाला लागली होती.

नारायणगावच्या अलीकडं समोरून एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली आणि मंचरच्या दिशेनं गेली. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.  मागं वळून तिच्यामागं जावं की घरी जावं, हे मला ठरवता येईना. मी त्या उन्हात उभं राहून, मोठ्या माणसाला लाज वाटेल अशा आवाजात, आबा आबा म्हणत होतो. मग घराकडंच निघालो, कारण घरी निदान काय झालं ते कळलं असतं.

वस्तीच्या वळणावर आलो तेव्हा पहिल्यांदा बराखीचं छप्पर दिसलं. कौलं जागेवर होती. बाया लांब वावरात वाकलेल्या दिसल्या. मोजल्या, चौघी होत्या. मशीनचा आवाज नव्हता. आणि बराखीच्या दारात क्रेटवर आबा बसले होते. काठी त्यांनी चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेकवून दारात आडवी धरली होती.

मी गाडी तशीच टाकून पळालो. आत डोकावलो तर मोटर थांबलेली होती आणि घड्याळाचा काटा तांबड्या खुणेच्या कितीतरी पुढं, शेवटच्या आकड्याला टेकलेला होता. भार असह्य झाल्यावर स्टार्टरमधली रिले पडली होती आणि मोटर बंद झाली होती. टाकी मात्र तशीच भरलेली होती. मी आबांना दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ ओढतच लिंबाच्या झाडापलीकडं नेऊन बसवलं. मग डीपीकडं जाऊन लाइन पाडली. परत येऊन बराखीच्या दुसऱ्या टोकाला, जिथं पाइप संपतो तिथं, भिंतीआडून हात घालून कॉक उघडला. हवा सुटायला लागली. किती वेळ सुटत होती कोण जाणे. मी डोळे मिटून भिंतीमागं बसून होतो. आवाज बारीक झाला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

मी आबांकडं गेलो. त्यांनी माझा प्रश्न आधीच ओळखल्यासारखं सांगून टाकलं, "म्या हात न्हाई लावला." लहान मूल शाळेतून येऊन आपण भांडलो नाही म्हणून सांगतं, तशा आवाजात.

मी विचारलं, मग तिथं कशाला बसून राहिलात. त्यांनी सांगितलं ते असं. ते बांधावर होते, तिथून बघितलं तर बराखीच्या फटीतून पट्टा फिरताना दिसला. मी आलो असं समजून ते आले, तर आत कोणी नाही. काटा तांबड्यापर्यंत गेलेला. पट्टा ओरडत होता, तो मात्र त्यांना ऐकू आला. त्यांना कळलं की हे बरं नाही. लाल बटणही त्यांना माहीत होतं. विहिरीवरचाच स्टार्टर, वीस वर्षं त्यांनीच दाबलेलं बटण.

"दाबावं असं लई वाटलं," आबा म्हणाले. "पन तू म्हनला व्हतास, काय बी झालं तरी न्हाई लावायचा. म्हनलं, आपल्याला ह्यातलं काय कळतंय आता. मग बाया पानी प्यायला यायला लागल्या, त्यास्नी माघारी धाडलं आन् दारात बसलो. कुनी आत जाऊ नये म्हनून."

मशीन त्यानंतरही बराच वेळ चालू होतं, असं त्यांनी सांगितलं. त्या सगळ्या वेळात ते सहा फुटांवर, मशीनकडं पाठ करून बसले होते. टाकी फुटू शकते हे त्यांना ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. काठी आडवी धरली होती, त्यावरून ठाऊक असावं. बटण तर हाताच्या अंतरावर होतं. मला तिथं लिंबाखाली भडभडून आलं आणि मी ते लपवलं नाही. आबा म्हणाले, झालं न्हाई ना काय, मग रडतो कशाला.

बायको दुपारी भावाच्या गाडीनं आली. मी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. एरवी तिनं माझ्या तीनदा गॅस बघण्यावरून चार शब्द ऐकवले असते.  त्या दिवशी ती आबांसाठी गरम भाकरी टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी ऑटोच्या वायरी तोडल्या आणि तो पेटीतून काढून टाकला. आळेफाट्याला जाऊन मधला जोड करून घेतला, नवी झडप बसवली. स्विच मिळेपर्यंत मशीन बंद ठेवलं. टाकी पुण्याला नेऊन पाण्यानं दाब देऊन तपासून आणली, तोवर रंगाचं काम थांबवलं. ती तपासणीत पास झाली. नवा स्विच आला. सगळं जोडलं आणि पहिल्यांदा चालू केलं तेव्हा काटा आठावर येऊन मोटर आपोआप थांबली. मी चार वेळा करून बघितलं.

मग आबांना बोलवायला गेलो. म्हटलं, चला, तुम्हाला दाखवायचंय, काही वेडंवाकडं दिसलं तर तुम्ही बंद करायचं, मला विचारायचं नाही. ते माझ्यामागं आले. दारापर्यंत आले आणि थांबले. चपला काढून बाजूला ठेवल्या. "आत येऊ का?" असं त्यांनी विचारलं.

 मी मशीन चालू केलं, त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि त्यांचं बोट लाल बटणावर ठेवलं. दाबा, असं खुणेनं सांगितलं.  मशीन चालू होतं, काटा वर चढत होता, आणि आबा बटणाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होते. मी आणखी एकदा हो म्हणण्याची ते वाट बघत होते.